नकाशातला शेती विभाग आणि आमचे वाफे

पुण्याच्या आसपास जमीन बघायला गेलं की एजंट आधी झोन सांगतो. येलो झोन, म्हणजे नकाशात घरांसाठी ठेवलेला भाग असेल तर त्याच्या आवाजाला वजन येतं, भाव वर जातो. ग्रीन झोन, म्हणजे शेती विभाग असेल तर भाव खाली येतो आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "आज ना उद्या येलो होणारच आहे, घेऊन ठेवा." हे वाक्य मी मांजरीत ऐकलं आहे, उंड्रीत ऐकलं आहे, आंबेगावातही ऐकलं आहे. विकास आराखड्याच्या नकाशात शेती विभागाला रीतसर रंग असतो. पण जमिनीचा तोही एक उपयोग आहे, असं कुणी मानत नाही. इमारत उभी राहीपर्यंत मधल्या काळात तिथे काहीतरी उगवतं, एवढाच त्या रंगाचा अर्थ लावला जातो. उद्यानाचं आरक्षण असतं, क्रीडांगणाचं असतं, शाळेचं, मंडईचं, अग्निशमन केंद्राचं असतं. लोकांनी मिळून भाजीपाला पिकवायच्या जागेचं आरक्षण कुठे दिसत नाही. पुण्याच्या नगररचनेतली ही मोठी उणीव आहे असं मी मानते, आणि तिची किंमत आपण कचऱ्यात, पुरात आणि पाण्यात मोजतो आहोत.

शहर वाढायलाच नको, असं माझं म्हणणं नाही. लोक पोटासाठी येतात, त्यांना घरं लागतात. पण वाढताना काय गिळलं जातं याची नोंद तरी हवी. 1997 मध्ये भोवतालची गावं महापालिकेत आली, त्यांतली 23 राहिली, बाकीची पुढे वगळली गेली. 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23. त्या विस्तारानंतर पुणे महापालिका सुमारे 516 चौरस किलोमीटरची, क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. प्रत्येक गावासोबत गावठाण आलं, तसे मळे आले, विहिरी आल्या, ओढे आले, गायरानं आली. घरांची मोजणी झाली, कर लागले, रस्त्यांची आखणी झाली. मळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

हडपसर, मुंढवा, मांजरी हा सगळा पट्टा एकेकाळी पुण्याचं भाजीचं कोठार होता. 1879 मध्ये खडकवासल्याचं धरण झालं, मुठेच्या उजव्या कालव्याचं पाणी या बाजूला वळलं आणि इथे ऊस, भाजीपाला, फुलं डुलू लागली. महात्मा फुल्यांची शेती मांजरीलाच होती. फुलांच्या धंद्यावरून ज्यांच्या घराण्याला आडनाव मिळालं, तो माणूस शाळा काढत होता, हौद खुला करत होता आणि बांधावर उभा राहून शेतीचा विचारही करत होता. त्याच पट्ट्यात पुढे मगर मंडळींनी आणि भोवतालच्या शेतकऱ्यांनी आपली चारशेच्या वर एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली. शेतकरी देशोधडीला न लागता भागीदार झाला, हे मोठंच काम आहे आणि मी त्याचं मनापासून कौतुक करते. तरीही कालव्याखालच्या त्या काळ्या जमिनीसारखी जमीन आता हडपसरला कितीही पैसे टाकले तरी परत मिळणार नाही.

त्या काळात शहर आणि मळे यांच्यात दुतर्फा जा-ये होती. मंडईकडे भाजी यायची आणि शहरातून खत जायचं. शहरातल्या मैल्यापासून केलेलं सोनखत कालव्याखालच्या उसाला घातलं जायचं. ज्या मातीतून घेतलं त्या मातीला परत द्यायचं, हा शेतीचा नियम शहरालाही लागू होता. पुढे युरियाची गोणी आली, संडासाला फ्लश आला, मळ्यांवर इमारती आल्या. भाजी लांबून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात यायला लागली आणि परत जायचं ते सगळं गावकुसाबाहेर साठत राहिलं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं पुण्याच्या कचऱ्याचा वास घेतला. त्यांच्या विहिरींचं पाणी बिघडलं. कितीदा तरी त्यांनी रस्त्यावर उतरून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की शहरात कुंड्या वाहायच्या आणि वर्तमानपत्रात 'कचराकोंडी' हा शब्द दिसायचा. कोंडी शहराची झाली, एवढंच त्यात लिहिलेलं असायचं. ज्यांच्या दारात तो डोंगर उभा होता, त्यांची कोंडी आधीपासूनच चालू होती.

आज पुण्यात रोज दोन हजार टनांच्या वर कचरा निघतो. त्यातला ओला कचरा म्हणजे भाजीची देठं, साली, शिळं अन्न, निर्माल्य, पालापाचोळा. खरं तर ते सगळं मातीचं देणं आहे. कचरा वेगळा करायच्या बाबतीत पुण्याने देशाला धडा घालून दिला. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा घेणाऱ्या या बायकांमुळे शहराला सवय लागली. माझ्याकडे येणाऱ्या ताई अजूनही ओल्याच्या बादलीत प्लास्टिकची पिशवी दिसली की ती बाजूला काढून दाखवतात, बोलत काही नाहीत. ते दाखवणंच पुरेसं होतं.

वेगळा केलेला ओला कचरा जातो कुठे? 2016 च्या घनकचरा नियमांनी रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांना तो आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं. महापालिका गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं, सौरऊर्जा यांसाठी मिळकत करात 5 ते 10 टक्के सवलत देते. म्हणून नव्या सोसायट्यांत पार्किंगच्या मागे गांडूळखताचे खड्डे बांधलेले असतात. बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर फरशी टाकून जुन्या कुंड्या आणि मोडक्या सायकली ठेवलेल्या दिसतात. लोकांना आळस आहे म्हणून असं होतं, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला कारण वेगळं दिसतं. खत तयार झालं तरी त्याला गिऱ्हाईक नाही. माळी दोन पाट्या शोभेच्या झाडांना घालतो, उरलेलं पोत्यात पडून राहतं, त्याला चिलटं लागतात, मग तक्रारी, मग खड्डा बंद. ज्या आवारात भाजीचे वाफे आहेत तिथे खताच्या पोत्यावरून भांडणं होतात. बाग असेल तर कचऱ्याला वाट मिळते. म्हणूनच सामुदायिक बाग हा हौशी लोकांचा छंद समजून उद्यान खात्याच्या प्रदर्शनापुरता ठेवू नये, मलनिस्सारणाच्या आणि पाण्याच्या नळाच्या बरोबरीने तिचा विचार व्हावा, असं मला वाटतं.

आमची बाग सातारा रस्त्याच्या बाजूला, एका लेआउटच्या ओपन स्पेसच्या कोपऱ्यात आहे. मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, त्यातला हा तुकडा. तिथे बिल्डरने टाकलेला मुरूम, त्याखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइल्सच्या कपच्या होत्या. पुण्यात या सगळ्याला राडारोडा म्हणतात आणि शहरातल्या निम्म्या मोकळ्या जागा त्यानेच भरलेल्या आहेत. पहार मारली की ठिणगी उडायची. अशा जागेत माती आणून ओतायची तर ट्रक मागवावा लागतो आणि तो ट्रक कुणाच्या तरी शेतातली वरची सुपीक माती खरवडून आणतो. ते आम्हाला करायचं नव्हतं. माती इथेच करायची, असं ठरलं.

माती करायची म्हणजे आधी पालापाचोळा गोळा करायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याचे रस्ते पानांनी भरतात, आणि सकाळी सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर धूर निघतो. पानं जाळणं हा शहराचा जुना रोग आहे. 'ब्राऊन लीफ'सारख्या पुण्यातल्या उपक्रमाने पानांची पोती देणारे आणि घेणारे एकमेकांना जोडून दिले, तेव्हापासून कितीतरी लोकांनी काडी ओढणं सोडलं. सगळी पानं सारखी नसतात, हे ढीग लावायला लागलं की कळतं. पर्जन्यवृक्षाची आणि गुलमोहराची बारीक पानं पावसाळ्याआधीच भुगा होतात. आंब्याची आणि फणसाची चिवट असतात, ती वर्षभर तशीच राहतात, ती तळाला टाकायची किंवा आच्छादनाला वापरायची. कोरड्या पानांत कार्बन फार, स्वयंपाकघरातल्या ओल्यात नायट्रोजन फार. साधारण तीसाला एक हे दोघांचं प्रमाण जमलं की जिवाणू कामाला लागतात. जमिनीवर त्याचा सोपा हिशोब असा, की ओल्याची एक बादली टाकली तर वर पानांच्या दोन-तीन बादल्या. गोठ्यातलं शेण कालवून शिंपडायचं. कात्रज-धनकवडीच्या आतल्या गल्ल्यांत अजून म्हशींचे गोठे आहेत आणि ते आहेत तोवर शेणाची चिंता नाही.

चार-पाच दिवसांनी ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि थोड्या वेळाने बाहेर काढून धरायची. ढीग नीट लागला असेल तर सळई हातात धरवत नाही, इतकी तापते. आतलं तापमान पन्नास-साठ अंशांवर गेलेलं असतं, त्यात तणाचं बी मरतं, रोगजंतू मरतात. सळई गार असेल तर ढीग कोरडा तरी आहे किंवा घट्ट दाबला गेला आहे. मग तो उपसून परत लावायचा. वास आला तर ओलं जास्त झालं, पानं घाला. आमच्या इमारतीतली मुलं सळई धरून बघायला रांग लावतात. कुजणं म्हणजे घाण, अशी जी समजूत शहरातल्या घरांत पक्की बसलेली असते, ती त्या गरम सळईने सुटते.

दोन पावसाळ्यांनी मुरमावर टीचभर काळी माती दिसायला लागली. आधी घातला शेवगा, कढीपत्ता, गवती चहा, कडेला हळद. मग वाफे: मेथी, चुका, शेपू, चाकवत, राजगिरा. मांडवावर घोसाळी आणि वालाची पापडी. नळाखाली अळू, आणि हात धुवायच्या पाण्याच्या वाटेवर कर्दळ आणि केळ. मोरीचं पाणी अळू-केळीला सोडायचं, हे पेठेतल्या वाड्यांच्या परसात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं. आज त्याला सांडपाण्याचं नैसर्गिक शुद्धीकरण म्हणतात आणि त्यावर कार्यशाळा होतात. व्हाव्यातच.

आता ज्या माणसाविषयी लिहायचं आहे त्यांचं नाव इथे घालत नाही. ते आमच्या इमारतीचे वॉचमनकाका. बीडकडचे, घरी थोडी कोरडवाहू जमीन, पाऊस गेला म्हणून पुण्याला आले. निळा शर्ट, शिट्टी, प्लास्टिकची खुर्ची, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची वही. बाग सुरू झाली तेव्हा ते लांबून बघत उभे राहायचे. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि आम्ही उत्साहाने बी टोचायला निघालो, तेव्हा ते खुर्चीवरून उठले. वाफ्यातली मूठभर माती घेतली, दाबली, मूठ उघडली. गोळा तसाच राहिला. तो त्यांनी कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. गोळा फुटला नाही, जमिनीवर चपटा झाला. "वाफसा नाही अजून," ते म्हणाले. "परवा बघू." परवा त्यांनी पुन्हा मूठ दाबली. या वेळी गोळा खाली पडून भसकन विखुरला. "आता पेरा, ताई."

ओलही आहे आणि हवाही आहे, बी कुजणार नाही आणि सुकणारही नाही, ही जमिनीची नेमकी घडी त्यांच्या मुठीला कळते. ऑगस्टमध्ये चवळीच्या शेंड्यांना काळा मावा भरला. कुणीतरी कीटकनाशकाची बाटली घेऊन आलं, तेव्हा काकांनी एक पान उलटं करून दाखवलं. त्याच्यावर ढालकिड्याच्या काटेरी, राखाडी-नारिंगी अळ्या फिरत होत्या. "हे मावा खाणारे आहेत. आज फवारलंत तर हे आधी मरतील, मावा आठ दिवसांत परत येईल." फवारणी थांबली. त्यांनीच वाफ्यांच्या कडेने झेंडू लावून घेतला, मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमींसाठी. एका ओळीत एकच पीक लावायला ते तयार नसतात. बाजरीच्या ओळीत मटकी, तुरीच्या शेजारी मूग, भेंडीच्या सावलीला कोथिंबीर. एक गेलं तर दुसरं हाती लागतं. कोरडवाहू माणसाला हे शिकवावं लागत नाही.

विद्यापीठांतून ज्या शास्त्राला कृषी-परिस्थितिकी म्हणतात, त्याची तत्त्वं बघा: पिकांची विविधता, मातीतल्या जिवाणूंची जोपासना, शेतातल्या शेतात अन्नद्रव्यांचं फिरतं चक्र, मित्रकिडींचा आधार, बाहेरून विकत आणायच्या गोष्टी कमीत कमी आणि शेतकऱ्याच्या ज्ञानाला मान. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटनासुद्धा आता हीच तत्त्वं सांगते. आमच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर हे सगळं आधीपासून बसलेलं होतं, आणि आपण त्यांना गाड्यांचे नंबर लिहायला ठेवलं आहे.

हे एकट्याचं नाही. पुण्यातल्या सोसायट्यांचे वॉचमन, बांधकामावरचे मजूर, घरकामाच्या मावश्या यांच्यापैकी किती जण शेतकरी आहेत! बीड, लातूर, नांदेड, सोलापूर, आणि जवळचे म्हणाल तर मुळशी, वेल्हे, भोर. आमच्याकडे येणाऱ्या मावशी वेल्ह्याकडच्या. पावसाळ्यात आम्ही तण उपटत होतो, तर त्यांनी हात धरला. "अहो काकू, कुर्डू आहे ती. फेकता काय?" त्या दिवशी त्यांनी कुर्डू, टाकळा, घोळ असं वेगवेगळं खुडून पदरात घेतलं, टाकळ्याला मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घालायचा हेही सांगितलं. जी झाडं कुणी लावत नाही, पाणी घालत नाही, ती त्यांच्या घरी आषाढ-श्रावणाची भाजी असते. आमच्या बागेचा एक कोपरा तेव्हापासून खुरपत नाही.

आल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ 1905 मध्ये हिंदुस्थानात आला होता तो इथल्या शेतीला शास्त्र शिकवायला. 1924 ते 1931 या काळात इंदूरला राहून त्याने कंपोस्टची जी पद्धत बसवली ती आज जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. आपले खरे गुरू इथले शेतकरी आणि पिकांवरच्या किडी, हे त्याने मोकळेपणाने मान्य केलं. त्याच्या आधी थोडीच वर्षं, 1918 मध्ये, त्याच इंदूरच्या नगररचनेचा अहवाल पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नियोजनकाराने लिहिला. शहराची घाण नदीत लोटण्यापेक्षा ती बागांना द्यावी, असं त्याचं सांगणं होतं. गेडीस पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापकही झाला. शंभर वर्षं झाली. नगररचनेच्या वर्गात गेडीस शिकवला जातो, कृषी महाविद्यालयात हॉवर्ड शिकवला जातो, आणि हे दोन वर्ग एकाच शहरात असून एकमेकांकडे जात नाहीत. आपल्या शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाची एवढी मोठी शेती शहराच्या मध्यावर हिरवीगार उभी आहे. तिथल्या मुलांना प्रत्येक प्रभागातल्या एका बागेशी जोडून द्यायला काय हरकत आहे?

परदेशातली उदाहरणं मी सहसा देत नाही, कारण ती ऐकून आपण माना डोलावतो आणि घरी जातो. पण अर्जेंटिनातल्या रोसारियोचं सांगायला हवं. 2001 मध्ये त्या देशाची अर्थव्यवस्था कोसळली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. 2002 मध्ये रोसारियोच्या नगरपालिकेने शहरातल्या पडीक जागा शोधल्या आणि गरीब कुटुंबांना भाजी पिकवायला दिल्या, रासायनिक खतांशिवाय. पुढे त्यांनी त्या जागा शहराच्या जमीन-वापराच्या नियोजनात घातल्या, विक्रीसाठी बाजार दिले. या कामाला जागतिक पातळीवरचं मोठं पारितोषिकही मिळालं. मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की संकट संपल्यावरही जागा काढून घेतल्या नाहीत. क्यूबात 1990 नंतर सोव्हिएत मदत बंद झाली तेव्हा हवानातही असेच वाफे पडीक जागांवर उभे राहिले. दोन्ही शहरांना गरजेने शहाणपण आलं. आपल्याला ते गरजेआधी का येऊ नये?

आमच्याकडे आक्षेप घेणारे लोक आहेत आणि त्यांचे सगळेच मुद्दे टाकाऊ नाहीत. डास होतील, ही भीती खरी आहे. पाणी साठू दिलं तर होतातच, म्हणून पिंप झाकलेली आणि वाफे उंच हवेत. उंदीर येतात, म्हणून शिजलेलं अन्न उघड्या ढिगात टाकायचं नाही. मुळा-मुठेच्या काठी कुठेही भाजी लावा, असं मी मुळीच म्हणणार नाही. नदीत मैलापाणी आणि कारखान्यांचं पाणी येतं, पालेभाजी जड धातू शोषून घेते. शहरातल्या बागेत मातीची तपासणी आधी, बी नंतर. मैला शुद्धीकरण प्रकल्पातलं पाणी टँकरने बांधकामांना देतात, ते झाडांना, खताच्या ढिगाला चालेल. कच्ची खायच्या कोथिंबिरीला नको. आणि अशा बागांनी पुण्याचं पोट भरणार नाही, हेही उघड आहे. ज्वारी, तांदूळ, डाळ, कांदा शेतकऱ्याकडूनच येणार. आपल्या वाफ्यांतून येईल ती हिरवी भाजी, मिरची-कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, औषधाला ओवा-तुळस. ज्या घरात महिन्याच्या शेवटी पालेभाजी परवडत नाही, तिथे एवढंही पुष्कळ आहे.

पण भाजीइतकीच मला जमीन मोकळी राहण्याची काळजी आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत घरं, भिंती, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. सातारा रस्त्याच्या या बाजूला राहणाऱ्या आम्हा कुणालाच ती रात्र विसरता येत नाही. पाऊस फार पडला हे खरंच. ओढ्याचं पात्र आवळलं होतं, हेही खरं. आणि वरच्या अंगाला पाणी मुरायला जागा राहिलेली नव्हती. पुण्यात मोकळी जागा दिसली की पेव्हर ब्लॉक बसवायची सवय लागली आहे. स्वच्छ दिसतं, निधी खर्ची पडतो, आणि पाणी सगळं ओढ्याकडे धावतं. आमच्या वाफ्यांशेजारी पेव्हर ब्लॉकचा पट्टा आहे. जोराचा पाऊस झाला की त्याच्यावरून पाणी वाहताना दिसतं, आणि ते वाफ्यांकडे वळलं की तिथेच जिरतं. गांडुळांची बिळं, मुळांच्या वाटा, कुजलेल्या पानांचा जाड थर, या सगळ्यामुळे ती जमीन पाणी पिते. टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणासाठी पुण्यातले लोक इतकी वर्षं भांडले, ते याच कारणाने. टेकडी वाचवायची आणि पायथ्याची प्रत्येक मोकळी जागा सिमेंटने बंद करायची, हे एकत्र चालणार नाही.

मला काय हवं आहे ते स्पष्ट लिहिते. विकास आराखड्यात सामुदायिक परसबाग हा स्वतंत्र उपयोग म्हणून यावा. ओपन स्पेस आणि सुविधा क्षेत्रं, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी सोडलेल्या जागा, यांतला ठरावीक हिस्सा त्यासाठी राखावा. रहिवाशांच्या गटाला जागा द्यायची तर निदान दहा वर्षांसाठी द्यावी, कारण मुरमाची माती व्हायलाच दोन-तीन वर्षं जातात आणि अकरा महिन्यांच्या करारावर कुणी शेवगा लावत नाही. पाण्याची जोडणी, मातीची तपासणी आणि अवजारांची खोली द्यावी. प्रभागातला पालापाचोळा आणि निवडलेला ओला कचरा आधी या बागांकडे यावा. ढीग लावायचं, उपसायचं काम 'स्वच्छ'च्या ताईंना मोबदल्याने द्यावं, कारण कचरा त्यांच्याइतका कुणाला कळत नाही. आणि वॉचमनकाकांसारख्या माणसांना 'बाग मार्गदर्शक' म्हणून मानधन द्यावं. शहरात कौशल्य विकासाच्या इतक्या योजना चालतात. आलेलं कौशल्य वाया जाऊ न देणं हाही त्यातलाच भाग आहे.

पुणे महापालिकेत नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत 2006 पासून आहे. आपल्या भागातली कामं आपण सुचवायची, ती क्षेत्रीय कार्यालयातून प्रभाग समितीकडे जातात. बहुतेक लोक बाक, पदपथ, दिवे मागतात. यंदा आम्ही आमच्या शेजारच्या पडीक तुकड्यासाठी अर्ज करायचं ठरवलं. भिंतीला लागून काँग्रेस गवत माजलेली ती जागा, पलीकडे वस्ती, अलीकडे सोसायट्या. मसुदा लिहायला बसलो तेव्हा सगळ्या गोष्टींवर एकमत झालं, एक सोडून. निम्मे वाफे वस्तीतल्या घरांना द्यावेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर बराच वाद झाला. देखभाल कोण करणार, कुलपाची किल्ली कुणाकडे, उद्या तिथे पत्रे ठोकले तर काय, असं सगळं निघालं. मावशी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवले आणि कुणी न विचारता म्हणाल्या, "आमच्या गल्लीत बारा घरं आहेत. सगळ्यांकडे गावचं बी आहे डब्यात. अंबाडीचं, काळ्या घेवड्याचं, डांगराचं. लावायला जागा नाही म्हणून पडून आहे."

एका गृहस्थांनी सही करायला नकार दिला, ते उठून गेले. बाकीच्यांनी केल्या. वाक्य अर्जात तसंच आहे, त्याच्याखाली वस्तीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे आहेत, आणि कोणत्या घराकडे कोणतं बी आहे याची यादी वॉचमनकाकांनी गाड्यांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून जोडायला दिली आहे.